काजळाची डबी आणि इतर नावं

टर्टल फोर्क, केंटकी
९ फेब्रुवारी

प्रिय कॅरा,

तुझं कार्ड मंगळवारी आलं. तुझं अक्षर ओळखलं आणि ते उलटं धरूनच किती वेळ उभी राहिले. मग वाचलं. 'मला दिवस गेलेत. मुलगी आहे. एप्रिलमध्ये. तिच्या वर्गात तिच्याच नावाच्या आणखी चौघी नकोत. आपल्या दफनभूमीतली नावं अर्थासकट कळव. कुणाला सांगू नकोस.'

एक्केचाळिसाव्या वर्षी! मी वाचनालय उशिरा उघडलं आणि आलेल्या पहिल्या माणसाचा दंड माफ करून टाकला.

या पत्रांतून तू घरी येशील का, हे विचारायचं नाही असं मी ठरवलं आहे. (असं लिहिणं म्हणजेच विचारणं झालं का? खोडलं तर खोडलेलं दिसेल. राहू दे.)

आज दुपारी टेकडीवर जाऊन आले. मे महिन्यात थडगी धुऊन फुलं वाहायच्या त्या सजावटीच्या रविवारापर्यंत तिकडं कुणी फिरकत नाही, त्यामुळे काटेरी झुडपं वाढली आहेत. जेमायमाच्या इवल्या दगडावरचं शेवाळ काढलं. आपल्या तिघी बहिणींतली ती पहिली, आठवडाभरच राहिली. आईनं बायबलमधल्या ईयोबाच्या तीन मुलींची नावं क्रमानं लावायची ठरवली होती आणि माघार घेणं तिच्या रक्तात नव्हतं, हे तुला मी सांगायला नको.

तर नावं.

महाला. हिब्रू. अर्थ 'कोवळीक' असं पुस्तकं सांगतात, पण प्रत्येक पुस्तक थोडं बिचकत सांगतं. आपली महाला पणजी तंबाखू चघळायची आणि कोंबडीची मान एका हातानं पिरगळायची.

ट्रायफीना. ग्रीक. 'नाजूक, सुखात लोळणारी.' हिनं नवरा खाणीत दगावल्यावर खेचराच्या मागं नांगर धरला. दगडावर 'विसावली' असं कोरलं आहे. मला ते पहिल्यांदाच समजलं.

मिझुरी. मूळ शब्द नदीकाठच्या एका जमातीचा, शेजाऱ्यांनी ठेवलेला, ओंडके कोरून होड्या करणारी माणसं. आपल्या मिझुरीचा बाप बायकोपोरांना घेऊन त्याच नावाच्या राज्याकडं निघाला होता; गाडीचं चाक पुढच्याच ओढ्यात मोडलं. तिथंच घर बांधलं आणि पुढं झालेल्या मुलीला नाव दिलं मिझुरी. तिथं जायचं ते असं पोचलो, म्हणाला.

प्लेझंट. 'प्रसन्न'. हे पुरुषाचं नाव, तुझ्या उपयोगाचं नाही, पण याच्या कुत्र्यानंसुद्धा घर सोडलं होतं म्हणतात, म्हणून लिहिलं.

एक नाव मी लिहिलेलं नाही. ते तुझं जुनं नाव तू कोर्टात जाऊन अंगावरून उतरवून ठेवलंस. आई म्हणाली, 'कोर्ट कागद बदलील, माझी जीभ कशी बदलेल?' आणि मरेपर्यंत तुला तेच म्हणत राहिली. तिला माती दिली त्या दिवशी तिनं आधीच करून ठेवलेल्या दगडाच्या पाठीवर लेकींच्या नावांत तेच कोरलेलं बघून तू न जेवता गाडीत बसलीस. चार वर्षं झाली. यात कोण बरोबर, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि न ठरवता येणं हा माझा न्यायीपणा आहे की भित्रेपणा, हेही नाही.

जाता जाता: कॅरा म्हणजे इटालियनमध्ये 'प्रिय'. म्हणजे मी दर पत्राला 'प्रिय प्रिय' लिहिते आहे. मला ते चालतं.

तुझी
केझाया


२ मार्च

प्रिय कॅरा,

आधी कबुली. मी कुणाला सांगितलं नाही, पण सगळ्या खोऱ्याला कळलं आहे.

झालं असं, की डॉक्टर मामानं मला टेकडीवरून उतरताना पाहिलं. गाडी थांबवून काच खाली केली.

"कोण गेलं?"

"कुणी नाही, मामा."

"मग फेब्रुवारीत वर काय करत होतीस? थडग्यांत माणूस दोनदाच जातं, कुणी जायचं असलं की, नाहीतर कुणी यायचं असलं की." माझ्या तोंडाकडं पाहिलं. "कोण येतंय? तू तर नाही?"

"मामा!"

"मग दुसरी कोण उरली?" एवढं बोलून त्यानं गाडी थेट आयसी मावशीच्या दारात नेली. सातवा मुलगा म्हणून आजीनं त्याचं नावच डॉक्टर ठेवलं, हात लावला की आजार पळेल म्हणून. जन्मभर मोटारी दुरुस्त करतो. बातमी मात्र त्याच्या पोटात टिकत नाही; त्यावर औषध नाही.

मावशीनं मला बोलावून घेतलं. आता अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, डोळे अधू झालेत, जीभ नाही.

"मला का नाही सांगितलंस गं?"

"तिनं नको म्हटलं होतं."

"तिनं तर येऊ पण नको म्हटलंय ना स्वतःला? म्हणून काय आम्ही वाट बघायचं सोडलं?" मग, "गोधडीची चौकट माळ्यावरून काढ. आणि तुझ्या आईचे कपडे आण. ते तपकिरी चौकड्यांचंसुद्धा."

म्हणजे गोधडी सुरू झाली. चर्चमधल्या बायका गुरुवारी येतात. मी अडवायला हवं होतं का? अडवलं नाही. सुईत दोरा ओवून देत बसले आणि मला फार बरं वाटलं.

तुझं दुसरं कार्ड मिळालं. महाला तुला आवडतं पण तुझ्या ओवेनच्या पहिल्या बायकोच्या मांजरीचं नाव तेच होतं, हे वाचून मी एकटी हसले. ट्रायफीना 'औषधाच्या बाटलीवरचं वाटतं' हेही मान्य. आणखी पाठवते.

व्हॅश्टी. फारसी, बहुधा 'उत्तम'. राजानं पाहुण्यांसमोर मिरवायला बोलावलं आणि 'येत नाही' म्हणाली ती राणी. बायबलमध्ये तिला शिक्षा झाली, पण आपल्या डोंगरांत बायका तिचं नाव मुलींना देत राहिल्या. कुणी जाहीर काही बोललं नाही. नाव देत राहिल्या, बस.

थँकफुल. हे तर आईचंच. समुद्रापलीकडून आलेल्या त्या कडक धर्माच्या लोकांची रीत. मुलगी कशी व्हावी ते तिच्या नावातच सांगून टाकायचं. 'उपकार जाणणारी'. आणि आपल्या आईनं कुणाला थँक यू म्हटलेलं मी ऐकलं नाही. शेजारणीनं केक आणला तर म्हणायची, "तव्याला चिकटला वाटतं."

तुझ्या कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक प्रश्न होता. पहिल्यांदा मला दिसलाच नाही. 'माझ्या जुन्या नावाचा अर्थ खरंच शिंग आहे का?'

धर्मोपदेशकानं आपल्याला तेवढंच सांगितलं होतं, आणि शाळेच्या बसमध्ये पोरांनी तुझ्या कपाळावर बोटं धरली होती. मला आठवतं. आई ओसरीवरून जेवायला हाक मारायची, 'केरनहॅपक!', समोरची टेकडी 'हॅपक, हॅपक' म्हणायची, आणि तू मक्याच्या कोठीमागं बसून ओ द्यायची नाहीस.

शिंग आहे, पण अर्धंच. त्या काळच्या बायका पोकळ शिंगात काजळ भरून ठेवायच्या. तुझ्या नावाचा अर्थ काजळाची डबी. सगळं गमावल्यावर ईयोबाला पुन्हा लेकी झाल्या, त्यांतल्या धाकटीला त्यानं हे नाव दिलं. मुलग्यांची नावं त्या गोष्टीत दिलेलीच नाहीत. फक्त मुलींची आहेत.

मी हे तुला काही पटवायला लिहीत नाही. तू विचारलंस म्हणून लिहिलं.

माझ्या नावाचा अर्थ दालचिनीसारखी एक साल. स्वयंपाकघराच्या फळीवर मी, आरशापुढं तू. वाटणी बरोबर झाली म्हणायची.

केझाया


१७ एप्रिल

प्रिय कॅरा,

फोटो आला! ओवेननं पाठवलेला तो निरोप मी वाचनालयात मोठ्यानं वाचला, तिथं मोठ्यानं बोलू नये ही पाटी माझ्याच डोक्यावर लटकत असताना. मुलगी, दोघी सुखरूप, केस काळे कुळकुळीत, नाव अजून नाही.

आयसी मावशीनं फोटो नाकाला लावून पाहिला.

"कुणासारखी आहे?"

"उकडलेल्या बटाट्यासारखी," मावशी म्हणाली. "पहिल्या महिन्यात सगळी तशीच असतात. कपाळ मात्र थँकफुलचं आहे. बघ कशी आठी घातलीय, जसा काही आपणच उशीर केला." मग तिनं फोटो ॲप्रनच्या खिशात घातला, आणि तो मला परत मिळालेला नाही.

डॉक्टर मामानं गावात सांगितलं की बाळंतपण आपल्या सल्ल्यानं झालं.

तू विचारलं नाहीस तरी कळवते: या वर्षी सजावटीचा रविवार मेच्या शेवटच्या आठवड्यात आहे. मी फक्त तारीख सांगते आहे.

गोधडी जवळजवळ झाली आहे. आईच्या सगळ्या कपड्यांचे तुकडे आहेत तिच्यात. तो निळा, जो तिनं तुझ्या शाळेच्या समारंभाला घातला होता, तोही. मधल्या तुकड्याबद्दल पुढं कधीतरी लिहीन.

नाव ठरलं की मला आधी कळवशील ना?

केझाया


११ मे

प्रिय कॅरा,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिल्या दोन्हींमध्ये खोटं काही नव्हतं, पण खरं मागं ठेवलं होतं.

तुला आपली रीत माहीत आहे. गोधडीचा मधला तुकडा कोरा ठेवायचा. बाळाच्या आईनं सजावटीच्या रविवारी, आपल्या माणसांच्या थडग्यांमध्ये उभं राहून बाळाचं नाव मोठ्यानं सांगायचं, आणि मगच ओकच्या झाडाखाली बसून ते सुईनं उतरवायचं. नावाआधी सुई लावली तर बाळाला धार्जिणं नाही. मावशीनंच हे आपल्याला शिकवलं. एकदा कुणी कोपऱ्यात नुसतं पहिलं अक्षर टाकलं तर तिनं अख्खी ओळ उसवायला लावली होती.

आणि आता तिनंच, कुणाला न विचारता, त्या मधल्या तुकड्यावर नाव घातलं आहे. तुझं जुनं. एप्रिलच्या सुरुवातीलाच मी पाहिलं. लाल दोऱ्यानं, अधू डोळ्यांनी, वेडंवाकडं पण पक्कं.

मी म्हटलं, "मावशी, हे उसव. तिनं जे नाव टाकलं तेच तिच्या पोरीच्या अंगावर घालणार? ती कधीच येणार नाही."

"हात लावून बघ, मग सांगते."

"तुलाच रीत मोडायची आहे का?"

"मी रीत मोडली? मी?" असं म्हणून तिनं गोधडी घडी घालून पेटीत ठेवली आणि पेटीवर बसली. खरोखर बसली. कॉफीसुद्धा तिथंच मागवली.

तिचं वय झालंय, असं मी स्वतःला समजावते. पण मग वाटतं, वय झालेल्या माणसाच्या नावावर आपण आपली भीती तर खपवत नाही? मावशी तिखट आहे, दुष्ट नाही. तिच्या मनात काय आहे ते मला कळत नाही, आणि विचारलं की ती बाहेर पाऊस येणार का ते सांगते.

कात्री माझ्या पर्समध्ये दोन आठवडे होती. पेटीवर कुणी बसलेलं नाही असा एकच दिवस सापडला. मावशी दाताच्या डॉक्टरकडं गेली होती, खऱ्या डॉक्टरकडं. मी गोधडी उलगडली. आणि मला उसवता आलं नाही. एक-एक टाका डोळ्यांना दिसत नसताना चाचपून घातलेला होता.

म्हणून तुला आधीच सांगते. येऊन उलगडल्यावर कळण्यापेक्षा न येता कळलेलं बरं. यायचं ठरवत असशील तर हे वाचून बदलशील, आणि मला राग येणार नाही. येईल, पण तुझा नाही.

केझाया


३ जून

प्रिय भाची,

तुझ्या आईला लिहायला बसले होते, पण ती तर तिथं होतीच. तू झोपली होतीस. म्हणून हे तुला. वाचता यायला लागलं की वाच.

तुम्ही याल असं मला वाटलं नव्हतं. त्या रविवारी सकाळपासून आम्ही टेकडीवर गवत काढत होतो, दगड धुवत होतो, कागदी फुलं खोचत होतो. ओकच्या खाली टेबलं मांडून झाली होती. तळलेली कोंबडी, घेवड्याचं कालवण, मक्याचा पाव, सुक्या सफरचंदांचा थरांचा केक. एवढ्यात भाड्याची पांढरी गाडी चिखलात घसरत वर आली, आणि तुझ्या आईनं दार असं आपटलं की प्लेझंटच्या थडग्यावरचा कावळा उडाला. मागून तुझा बाबा उतरला. तू त्याच्या छातीला बांधलेली, तोंड उघडं, गाढ.

तुझी आई कुणाकडं न बघता थेट आयसी मावशीच्या खुर्चीसमोर गेली.

"मावशी, दाखव काय घातलंयस गोधडीवर."

"आधी जेव."

"आधी दाखव."

"घ्या. थँकफुल मेली असं कोण म्हणतं?" मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "केझाया, पेटी."

मी पेटी आणली. मावशीनं गोधडी मांडीवर उलगडली आणि मधलं लाल नाव उन्हात आलं. डॉक्टर मामानं कोंबडीचा तुकडा तोंडाशी नेऊन तसाच धरला.

तुझी आई म्हणाली, "हे माझ्या मुलीला मिळणार नाही."

"तिला कोण देतंय?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? तिचं नाव मला कुठं ठाऊक आहे? नावाआधी सुई लावायला मी काय अडाणी आहे?" मावशी माझ्याकडं वळली. "आणि ही! शिकलेली! दोन महिने माझ्यामागं कात्री घेऊन फिरते. अगं, वाचता येतं ना तुला? कुणाचं नाव आहे ते?"

"तू झालीस त्या वसंतात पूर आला," मावशी तुझ्या आईला म्हणाली, आणि आता तिचा आवाज खाली आला होता. "घर गेलं, गाय गेली, चर्चमधली चौकट गेली. सगळ्या खोऱ्यात अंगावरच्यापेक्षा जास्त चिंधी नव्हती कुणाकडं. सजावटीच्या रविवारी थँकफुल या झाडाखाली चिखलात उभी राहिली आणि तुझं नाव सांगितलं. अख्ख्या टेकडीला ऐकू गेलं. पण उतरवायचं कशावर? पीठ आलेल्या सरकारी पोत्यात गुंडाळलं तुला. नंतर कापड आलं तेव्हा दुसरी पोरं आली होती. टर्टल फोर्कमध्ये गोधडीशिवाय वाढलेली तू एकटी. तुझ्या आईला ते लागलेलं होतं. म्हणाली कधी नाही, म्हणणारी नव्हतीच. पण आपले जुने कपडे कुणाला फाडू द्यायची नाही. 'ठेवलेत,' म्हणायची. कशाला, ते मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं."

तिनं गोधडी वर धरली. "नाव कधीच सांगून झालंय. मी फक्त टाके घातले. नको असेल तर घोड्याच्या पाठीवर टाक. पण ती तुझी आहे."

तुझी आई उभीच होती. तिनं हात पुढं केला, त्या तपकिरी चौकड्यांवर बोट ठेवलं, मग निळ्यावर. आणि मग ती गोधडी, जी तुझ्याएवढ्या बाळासाठी असते, तिनं खांद्यांवर ओढून घेतली. भर उन्हात. ती कोपरापर्यंतच पोचत होती. तुझी आई रडत होती आणि हसतही होती, दोन्ही एकदम. इतकी वर्षं तिचं ते हसू मी विसरले होते की काय, असं मला वाटलं.

"लहान पडते गं," ती म्हणाली.

"एक्केचाळीस वर्षं उशिरा आलीस," मावशी म्हणाली, "जास्त कापड कुठून आणू?"

मामानं तेव्हा कुठं तो तुकडा खाल्ला. "नावाचं काय एवढं मनावर घ्यायचं," तो म्हणाला. "मी सत्तर वर्षं डॉक्टर आहे, कुणाचं पडसंसुद्धा बरं केलं नाही." आणि तुझ्या बाबानं, जो कुणाशी काय बोलावं या विवंचनेत होता, त्याला विचारलं की आपली गाडी चढावर आवाज का करते. ते दोघं बॉनेटखाली गेले. तू मात्र त्याआधी माझ्या हातात आलीस. तुझं वजन मला अजून दंडांवर जाणवतं.

"आता हिचं," मावशी म्हणाली. "ठरलंय का, की तुमच्या सिअॅटलमध्ये नावं मिळत नाहीत?"

तुझ्या आईनं तुला माझ्याकडून घेतलं. आपल्या आईच्या दगडापाशी गेली, त्याच्या पाठीमागून वळून समोर, जिथं तुझ्या आजीचं स्वतःचं नाव आहे. दगडावर हात ठेवला. मग मोठ्यानं, टेकडीला ऐकू जाईल असं म्हणाली:

"थँकफुल."

"अरे देवा," मावशी म्हणाली. "पुन्हा एक."

"निदान ही तरी थँक यू म्हणेल," मामा बॉनेटखालून ओरडला. आणि तू, इतका वेळ झोपलेली, डोळे न उघडता कपाळाला ती आठी घातलीस. सगळी टेकडी हसली.

तुझ्या गोधडीचं काम कालच सुरू झालं. मावशी म्हणते घाई नाही, ती कुठं जाणार नाही. माझा तिच्यावर विश्वास आहे. मी मात्र हल्ली सुईत दोरा ओवण्याच्या पुढं गेले आहे आणि माझे टाके वाईट आहेत. ते ओळखता येतील तुला. एकही उसवू नकोस.

मला स्वतःला एक प्रश्न राहिला आहे. दोन महिने मी त्या नावाकडं पाहत होते आणि ती गोधडी तुझ्या आईचीच आहे हे मला दिसलं नाही. दिसलं असतं तर कदाचित तिला तसंच कळवलं असतं, आणि मग ती भांडायला आली नसती. आणि भांडायला नसती आली तर आली असती का? मला ठाऊक नाही. एवढं ठाऊक आहे की आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या न कळण्याचा आनंद झाला.

आता शेवटचं, आणि हेच सांगायला मी बसले होते.

पानं वाढून झाली. तुझी आई तुला घेऊन पार पलीकडं, जेमायमाच्या दगडापाशी गेली होती, पाठमोरी, खांद्यांवर ती इवलीशी गोधडी. मला हाक मारायची होती. 'कॅरा' म्हणावं की काय, या विचारात मी नेहमीप्रमाणे उभी राहिले. मावशी उभी राहिली नाही. तिनं बसल्या जागेवरून, आईच्याच आवाजात हाळी दिली:

"केरनहॅपक! जेवायला!"

समोरच्या टेकडीनं 'हॅपक, हॅपक' म्हटलं. आम्ही सगळे घास हातात धरून थांबलो.

आणि थडग्यांच्या पलीकडून, लहानपणी मक्याच्या कोठीमागून यायला हवा होता तो आवाज आला.

"आले गं, आले!"

तुझी मावशी,
केझाया